तीस सेकंदांची घाई

गावाकडील लग्नकार्यांची छायाचित्रे घरच्या रेड संचात जपणाऱ्यांनी एक आकडा अवश्य तपासावा. लिनक्सच्या स्कझी डिस्क ड्रायव्हरचा डिफॉल्ट टाइमआउट ३० सेकंदांचा आहे. साधी हार्ड डिस्क मात्र एक खराब सेक्टर वाचण्यासाठी दोन-दोन मिनिटेही झगडते. मध्येच ड्रायव्हर तिला रीसेट करतो आणि एका सेक्टरपायी अख्खी डिस्क संचातून बाद होते. आमच्याकडे हेच घडले. दुसऱ्या डिस्कने लाज राखली. नॅससाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडून चूक कळवतात. तेथे ३० पुरेसे. अन्यत्र आम्ही १८० ठेवतो. संगणक तेवढा वेळ गोठल्यासारखा वाटेल, वाटू द्यावा. संगणक पुन्हा सुरू होताच आकडा पूर्ववत होतो, म्हणून तो सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच लिहावा.