खंडेनवमीआधी हब उघडा

खंडेनवमी जवळ आली की बेळगावजवळच्या आमच्या सांबऱ्यात सायकली धुवायला निघतात. अलीकडं तर पोरं त्या मोटारसायकली धुणाऱ्याकडं नेतात आणि जोराचा फवारा नेमका हबवर धरायला लावतात, कारण चिखल तिथंच साचलेला असतो. वरचा चिखल जातो, पण पाणी कोनाच्या, म्हणजे आसावरच्या ज्या नटाला टेकून छर्रे फिरतात त्याच्या, फटीतून आत शिरतं. मी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दसरा झाला की तीच चाकं करकरत माझ्याकडं येतात.

माझं सांगणं एवढंच, की हार घालण्याआधी हब उघडा. पावसाळाभर शेताच्या वाटेनं फिरलेल्या सायकलीचं ग्रीस पाण्यानं ताकासारखं पांढुरकं झालेलं असतं. मग गंज धरतो, बारीक कच छर्‍यांबरोबर फिरत राहते आणि कोनावर खड्डे पडतात. "मामा, चेन बदला की, सायकल ओढंना झालीया," असं शाळेतली मुलं म्हणतात. चेन बिचारी ठीक असते.

काम अवघड नाही, पण घाईचंही नाही. चाक काढून एका बाजूचा चेकनट आणि कोन सोडवायचा, छर्रे थाळीत काढायचे. साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या हबात दर बाजूला दहा छर्रे, दीड सुती. मागच्यात नऊ, दोन सुती. रॉकेल आता मिळत नाही, तेव्हा डिझेलमध्ये धुवून कोरडे पुसायचे. कोन उजेडात धरून त्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं तर कोन बदलायचा. छर्रे बदलायचे तर सगळेच, कारण झिजलेल्यांत एक नवा घातला की भार त्याच्यावरच येतो. मग नवं ग्रीस भरून कोन हातानं टेकवायचा आणि किंचित मागं घ्यायचा.

खरं कसब यापुढं आहे. चेकनट आवळताना कोनही त्याच्यासंगं फिरतो, म्हणून तो पातळ पान्यानं धरून ठेवावा लागतो. तरीही एकदा आवळून भागत नाही. पुन्हा सोडवायचं, पुन्हा बसवायचं. रिम आडवी हलवली तर खुळखुळ लागू नये. चाक उचलून हळूच सोडलं तर वॉल्व्हची बाजू खाली येऊन चाक थोडा वेळ झुलावं, मग थांबावं. न झुलता जागीच थांबलं तर कोन घट्ट बसलाय. "गच्च आवळा" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना मी नाही म्हणतो. ढिला हब खडखडून सांगतो तरी. घट्ट हब गुपचूप कोन खातो.

ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचं दुकान काढलं, आणि त्यातूनच पुढं नांगराचा कारखाना उभा राहिला, त्या गावाच्या पोरांना कोन धरायचा पातळ पाना ठाऊक नसावा याचं मला वाईट वाटतं. उद्यमबागेतल्या कारखान्यांत पुढं हीच पोरं मशीनवर उभी राहणार आहेत. बेअरिंगला किती ढील ठेवायची हे हाताला कळणं, ही त्यांची पहिली शिकवणी घरच्या सायकलीवर होऊ शकते.

कर्नाटक सरकारनं २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना फुकट सायकली दिल्या. कोरोनाच्या काळात ते वाटप थांबलं. थोरल्या बहिणीची सायकल आज धाकट्याकडं आहे, म्हणजे ती टिकवणं आता जास्त गरजेचं. कितीतरी सायकली गोठ्याच्या भिंतीला टेकून पडल्यात. त्यांतल्या पुष्कळ दोन कोन आणि मूठभर छर्‍यांत उभ्या राहतील.

म्हणून हायस्कुलांनी दसऱ्याच्या सुट्टीआधी कार्यानुभवाचे दोन तास याला द्यावेत, मुलींना पुढं बसवून, कारण लांबून सायकलीनं येणाऱ्यांत त्या आहेत. पातळ पाने, थाळी, ग्रीसचा डबा आणि वाटीभर डिझेल एवढंच लागतं. आमच्या भागातल्या कुठल्याही शाळेनं बोलवावं. शनिवारी सकाळी दुकान बंद ठेवून मी पाने घेऊन येतो.