वाईट सालची लाल वाइन

लाल वाइन द्राक्षाच्या रसाची, असे आपण म्हणतो. खरे तर ती सालीची. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढुरकाच. रंग आणि तुरटपणा असतो सालीत. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्ष पिळून साल बाजूला काढता येते. लाल वाइनचा रस मात्र सालीबियांसकट दिवसेंदिवस आंबवावा लागतो. पावसाने सालीचे काय केले, ते तिथे लपत नाही. करडी बुरशी धरली असेल तर रंगही तपकिरी पडतो.

नाशिक भागात सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी होते आणि शिराझ, कॅबर्ने फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास उतरतात. मधले महिने कोरडे जातील, यावर सगळा हिशेब. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने तो उधळला. नोव्हेंबर २०२३ मध्ये निफाडकडे पुन्हा गारा पडल्या. फुलोऱ्यात पाऊस आला की केवडा पसरतो. पिकताना आला की मणी पाणी पिऊन तडकतात आणि साखर उतरते. २४ ब्रिक्सच्या रसाची वाइन १३ टक्क्यांच्या पुढे जाते. २० वर अडकलेल्याची जेमतेम ११ च्या आसपास.

अशा वेळी शहाणा वाइनवाला सडके मणी निवडून टाकतो, साली लवकर काढतो आणि हलकी लाल वाइन किंवा सरळ रोझे करतो. मला हे पटते. बाटलीवर साल छापायचे आणि चव मात्र दरसाल तीच हवी, हा हट्ट कशाला?

पण तोट्याचे काय? खाण्याची द्राक्षे निर्यातीतून नाकारली गेली तर गावच्या बाजारात खपतात, बेदाण्याला जातात. शिराझचे बारीक, बियांचे, जाड सालीचे मणी कोण खाणार? गिऱ्हाईक एकच, आणि तेच ब्रिक्स मोजून भाव ठरवणार! हवामानावरचा फळपीक विमा केंद्रावरच्या नोंदीवर मिळतो, बागेतल्या सालीवर नव्हे. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला सवय आहे ती एकच गोष्ट आधी विचारायची: जोखीम कोणाच्या अंगावर? इथे ती सगळी बागाईतदाराच्या.

म्हणून किमान रक्कम एकरावर ठरवावी, ब्रिक्सचा भाव त्यावर चढता द्यावा. वाइनरीवाले म्हणतील, मग फवारणीत हयगय होईल. होईलही एखाद्याकडून. पण पाने काढायची, घड विरळायचे, म्हणजे हाताने आपलेच वजन कमी करायचे, याची मजुरी शेतकऱ्याने डिसेंबरात कोणाच्या भरवशावर द्यावी?