फडके, बादली आणि बॉनेटवरच्या रेघा

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय पाच मिनिटांत संपला आणि गाड्या पुसणाऱ्या मुलाचा विषय तासभर चालला. तक्रार अशी, की तो पुसतो त्या सगळ्या गाड्यांवर ओरखडे उठले आहेत, तेव्हा त्याला काढून टाकावे. दोघातिघांनी पुराव्यादाखल मोबाइलवरचे फोटो फिरवले. मी बँकेत तीस वर्षे लोकांची कर्जाची कागदपत्रे तपासली. पुरावा दिसला की तो उलटून पाहायची खोड काही जात नाही. तसेच ओरखडे माझ्याही गाडीवर होते. पण माझी गाडी तो मुलगा पुसत नाही. निवृत्तीनंतरचा व्यायाम म्हणून मीच पुसतो.

उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटकडे जरा तिरके पाहा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतील. त्या कोणी किल्लीने ओढलेल्या नसतात. रात्रभर बसलेल्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते रंगापेक्षा कठीण असतात. सकाळी घाईघाईने कोरडे फडके मारले, की ते कण रंगावरून फरफटत जातात. रोज सकाळी आपण भक्तिभावाने गाडीला पॉलिश पेपरच मारत असतो म्हणा ना!

जुन्या फियाट-अॅम्बॅसडरना पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागायचा, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाहूनही कमी. आणि इथेच लोकांची गफलत होते. पॉलिशने ओरखडा भरून निघतो असे त्यांना वाटते. तसे नसते. ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, की ओरखडा दिसेनासा होतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे मुद्दलातून पैसे काढणे आहे. दर दिवाळीला हौसेने कंपाउंड घासणाऱ्याचे खाते एक दिवस रिकामे होते.

म्हणून आधी परीक्षा. ओरखड्यावर पाणी टाकावे. ओला असताना तो नाहीसा झाला, तर बहुधा वरवरचा आहे. मग त्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडकले तर घरी हात लावू नये. खालचा पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याआधी रंगवाल्याकडे न्यावे, नाहीतर गंज धरतो.

वरवरच्या ओरखड्याला मात्र घरचा उपाय चालतो. गाडी सावलीत, पत्रा थंड. दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूच्या पाण्याची आणि दुसरी फडके खळबळायची. भांड्यांचा साबण नको, त्याने असलेले मेणही निघून जाते. गाडी धुऊन, टिपून घेतली की प्लास्टिकच्या कडांना चिकटपट्टी लावावी, कारण पॉलिश तिथे पांढरे डाग सोडते. मग बारीक पॉलिश वाटाण्याएवढे स्पंजवर घेऊन तळहाताएवढ्या जागेत हलक्या हाताने फिरवावे, पुसावे, बॅटरीच्या उजेडात पाहावे. भागले नाही तरच जाड कंपाउंड, आणि त्याने आलेला धुरकटपणा घालवायला पुन्हा बारीक पॉलिश. शेवटी मेणाचा अगदी पातळ हात. टूथपेस्टचा सल्ला हल्ली फोनवर नित्य येतो. ती थोडेफार घासते खरी, पण किती घासते हे नळीवर लिहिलेले नसते.

माझा एक दरवाजा करायला अख्खा रविवार गेला. संध्याकाळी खांदा हलेना. सौ.ने शेकायला पिशवी दिली, सल्लाही दिला. तो इथे देत नाही.

तर तो मुलगा. त्याला आपण एक बादली पाणी देतो आणि त्यात बारा गाड्या पुसायला सांगतो. फडके म्हणजे कोणाचा तरी टाकून दिलेला बनियन. सातच्या आत सगळ्या गाड्या झाल्या पाहिजेत. पाचव्या गाडीपासून ते पाणी म्हणजे चिखलच असतो. ओरखडे त्याच्या हातून उमटतात हे खरे, पण पाणी मोजून देणारे आपण. त्यासाठी त्याची भाकरी काढून घेणे मला पटत नाही.

पुढच्या सभेत मी सुचवले, की सोसायटीने पार्किंगमध्ये एक नळ काढावा आणि मायक्रोफायबरची दोन डझन फडकी आणावीत. खजिनदारांनी विचारले, हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा? विषय तहकूब झाला. मुलगा तूर्त कामावर आहे. माझी जास्तीची बादली आणि चार फडकी मी त्याला देऊन ठेवली आहेत, आणि कसे धुवायचे हे सविस्तर समजावूनही सांगितले आहे.

काल सकाळी मी दरवाजा पुसत होतो. तो थोडा वेळ बघत उभा राहिला आणि संकोचून म्हणाला, "काका, मघाशी खाली पडलेलं फडकंच परत मारताय तुम्ही."

पाहिले, तर फडक्याला खडी चिकटलेली होती.