पोरांना कापडाचा धडा नको, कापड द्या



लावणी सुरू झालीय. चिखलातनं वर आल्यावर दोन घटका बसलोय, म्हणून मनातलं लिहितो. पटलं नाही तर खाली बिनधास्त भांडा.

१ जुलैला कृषी दिन झाला. नातवाला शाळेत 'शेतकरी' बनून जायचं होतं. धोतर, बंडी, फेटा, सगळं भाड्यानं आणलं. सगळं चकचकीत पॉलिस्टर! घरात पेटीत आजोबांचं सुती धोतर, खुंटीला घोंगडी, माळ्यावर जुनं इरलं. ते कुणाला आठवलंच नाही. मलासुद्धा.

घरी आल्यावर विचारलं, "कापूस कुठनं येतो रे?" म्हणाला, "झाडापासून." बरोबर. "मग अंगावरचं धोतर कशाचं?" लगेच म्हणाला, "कापसाचं."

इथंच माझं डोकं फिरलं. धडा पाठ आहे, पण अंगावरचं कापड ओळखता येत नाही. आणि हे शेतकऱ्याचं पोर!

मंडळी, कापूस हे पीक आहे. वेचलेल्या कापसातनं साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. पॉलिस्टर येतं खनिज तेलातनं. त्याला ना पेरणी, ना बोंडअळी, ना पावसाची वाट. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या भावाचा कापूस त्याच्याशी बाजारात झुंजतो. उद्या गिऱ्हाईक होणाऱ्या पोराला दोन्हींतला फरकच कळत नसेल, तर त्या भावाची बाजू कोण घेणार?

काही जण म्हणतील, "पोरांना काय शिंपी करायचंय?" नाही. पण कपड्याचा विचार म्हणजे डोक्याचं काम आहे. आपलं इरलंच बघा. बांबूच्या कामट्या, त्यावर पानं. पुढनं उघडं, मागं पाठ झाकणारं. असं का? कारण लावणी वाकून करायची असते. पाऊस पाठीवर पडतो आणि हात मोकळे लागतात. हे ज्यानं पहिल्यांदा बनवलं त्यानं कुठलं कॉलेज केलं नव्हतं, पण काम, पाऊस आणि माल, तिन्हींचा हिशोब केला होता. हाच हिशोब सहा वर्षांच्या पोराला जमतो. त्याला एक बाहुली द्या, चिंध्या द्या आणि सांगा, हिला लावणीला पाठवायचीय, काय घालशील?

खर्च शून्य. जुनं धोतर, साडीचा तुकडा, गोणपाट, घोंगडीचा कोपरा, खताच्या गोणीची पट्टी. प्रत्येकावर चमचाभर पाणी टाका. कुठलं पितं, कुठलं ओघळून देतं, कुठलं आधी वाळतं, पोरांनीच बघायचं. धागा उसवून बघायचा. मोठ्या माणसानं अंगणात चिमट्यात धरून एकेक धागा जाळून दाखवायचा. सूत कागदासारखं जळून राख होतं, लोकरीला केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पोरांच्या हातात काडी द्यायची नाही, एवढं पाळा.

आणि पॉलिस्टर वाईटच, असंही शिकवू नका. दप्तराला, रेनकोटला ते चांगलंच. कुठं काय चालतं ते पोरांना ठरवू द्या. भाताच्या बियाला मोड आणायला आपण ओलं गोणपाट का घेतो, बंद प्लास्टिक का नाही? ओल धरते आणि हवाही खेळते म्हणून. अंगावरच्या कपड्याचं गणित वेगळं आहे का?

हे काही माझं नवीन खूळ नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तउद्योगातनं शिक्षणाचा विचार मांडला. त्यातनं नई तालीम उभी राहिली, पोरांच्या हातात टकळी आली. सूत काततानाच गणित, भूगोल शिकायचा. पुढं आपल्याकडं वेळापत्रकात 'कार्यानुभव' एवढा शब्द उरला, आणि तो तास किती ठिकाणी दुसऱ्याच विषयाला जातो ते तुम्हीच सांगा.

पण सगळं शाळेच्या गळ्यात बांधू नका. गुरुजी-बाईंना आधीच कामं कमी नाहीत. गोधडी शिवणारी आजी प्रत्येक वाडीत आहे. तिला महिन्यातनं एक दिवस सन्मानानं अंगणवाडीत बोलवा. कोणता तुकडा मऊ म्हणून आत, कोणता टिकाऊ म्हणून वर, हे तिच्याइतकं कोण सांगेल?

कृषी सहायक दादा-ताईंनाही हात जोडून विनंती. आमची शेतीशाळा घेता, तशी एकदा पोरांची घ्या. येताना पिशवीत सरकीसकट चार बोंडं आणा. मुळशीत कापूस पिकत नाही, आमच्या पोरांनी बोंड हातात धरलेलंच नाही.

पुढच्या कृषी दिनाला नातू आजोबांच्याच धोतरात जाणार. कापून, आखूड करून, त्याच्या हातानं टाका घालून. टाका वाकडा आला तरी चालेल.

तुमच्या घरात काय पडून आहे? घोंगडी, इरलं, गोधडी? फोटो टाका, पण आधी पोराच्या हातात द्या.