खोटं कुलूप

गेल्या दिवाळीत मी फराळाची ताटं भरत होतो. आई मागे येऊन हळूच म्हणाली, "अरे, तुझा कॉम्प्युटर माझ्या हातून बिघडला वाटतं." जाऊन पाहतो तर लालभडक स्क्रीन, 'संगणक लॉक झाला आहे' अशी इंग्रजी धमकी आणि उलटे धावणारे आकडे. दाराआड आमचे चिरंजीव तोंड दाबून हसत होते.

ते होतं फक्त ब्राउझरमधलं एक पान, स्क्रीनभर पसरवलेलं. एफ-११ दाबलं, पान लहान झालं, बंद केलं. सगळे हसले, आई हसली नाही. पुढचे दोन दिवस तिने कॉम्प्युटरला हात लावला नाही. सांगलीच्या मावशीचा रोजचा व्हिडिओ कॉलसुद्धा टाळला.

तिसऱ्या दिवशी चिरंजीवांना शिक्षा दिली: आजीला हे कुलूप काढायला शिकव. त्याने लावायचं, तिने काढायचं. एफ-११ चाललं नाही तर एस्केप दाबून धरायचं. तेही नाही, तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. विंडोजमध्ये ते कुठलंही वेबपान अडवू शकत नाही. तिथून टास्क मॅनेजर, ब्राउझर निवडून 'एंड टास्क'. पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणायची नाहीत. आईने सगळं वहीत मराठीत लिहून घेतलं.

मार्चमध्ये ती घरी एकटी असताना खरे भामटे आले. भोंगा वाजला, स्क्रीनवर मायक्रोसॉफ्टचं नाव आणि 'ताबडतोब फोन करा' म्हणून नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, हेही वहीत होतं. मला ऑफिसात फोन आला, "ते आलं होतं. घालवलं."

कुणी फोन करून बसलंच, आपल्या कॉम्प्युटरचा ताबा त्यांना दिलाच, तर आधी इंटरनेट तोडा. मग कार्डामागच्या नंबरवर बँकेला फोन करा, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदला. इथे अमेरिकेत एफटीसीकडे तक्रार करता येते. भारतातल्या नातेवाइकांसाठी १९३० हा नंबर आहे.

आणि मुलांनो, गंमत जरूर करा, पण बरोबरीच्यांची. आजी-आजोबांना स्क्रीनपेक्षा 'माझ्यामुळे बिघडलं' याचीच भीती जास्त वाटते, आणि भामटे नेमके तिच्यावरच जगतात. यंदा फराळानंतर दहा मिनिटं त्यांच्याशेजारी बसा. वही त्यांची, अक्षरही त्यांचंच असू दे.