अक्षर मोडणं हा गुन्हा नाही

गेल्या महिन्यात नववीच्या वर्गात मी एक चित्र दाखवलं. मातकट, काळपट रंग, लांबलचक आकृत्या, मुखवट्यासारखे चेहरे, खोल गेलेले डोळे. चित्रकाराचं नाव सांगितलं, इब्राहिम अल-सलाही, देश सुदान. मुलं थोडी बिचकली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तो डोळा 'ऐन'सारखा दिसतोय."

दोन दिवसांनी शाळेत एक बुजुर्ग मला भेटायला आले. आवाज शांत होता, पण म्हणणं कडक. "मॅडम, हर्फ म्हणजे हर्फ. त्यात कुराण उतरलं. ते मोडून भुताची तोंडं काढायची? आपल्या मुलांना हे नका दाखवू." मी वीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते. तरी त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देते.

आधी दुसरी बाजूही सांगते, कारण ही तक्रार एकट्या आपल्या लोकांविषयी नाही. एका सांस्कृतिक कार्यक्रमात एक सद्गृहस्थ मला मोठ्या कौतुकानं म्हणाले होते, "तुमच्या लोकांची कॅलिग्राफी काय सुंदर असते! चित्रकला मात्र तुमच्यात नाही ना?" त्यांना वाटलं, त्यांनी माझा गौरव केला. एकजण म्हणतो, अक्षराबाहेर जाऊ नका. दुसरा म्हणतो, अक्षराबाहेर तुमचं काही नाहीच. खोली एकच आहे, कडी फक्त दोन्ही बाजूंनी लागलेली आहे.

सलाहींनी ही कडी काढली, म्हणून ते मला महत्त्वाचे वाटतात.

त्यांचा जन्म 1930 साली ओमदुरमानमध्ये झाला. नाईलच्या एका काठाला खार्तूम, पलीकडे ओमदुरमान. वडील कुराणाची शाळा चालवायचे. सुदानमध्ये अशा शाळेला खलवा म्हणतात. तिथे मूल लाकडी पाटीवर बोरूनं आयती लिहितं, पाठ करतं, मग पाटी धुऊन पुढचा पाठ घेतं. काजळी आणि डिंकाची शाई पाण्यात उतरते, आणि ते पाणी तिथले लोक शिफा म्हणून पितातही. पाठाचा मोठा टप्पा पुरा झाला की पाटी नक्षीनं सजवतात. म्हणजे त्या मुलासाठी लिहिणं आणि रंगवणं या वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

माझ्या बुजुर्गांना मी इथेच थांबवीन. चाचा, जिथे पवित्र आयत रोज धुतली जाते आणि कुणाला त्यात बेअदबी दिसत नाही, तिथे एकट्या 'ऐन'चं वळण बदललं म्हणून कुठला गुन्हा घडला? पवित्र आहे तो कलाम. हर्फ त्याचं वाहन आहे. त्याच हर्फांत आपण किराण्याची यादी लिहितो, कोर्टाचं समन्स लिहितो, शिव्यासुद्धा लिहितो. तेव्हा कुणी अडवायला येत नाही. मूर्तिपूजेची मनाई आणि चित्राचा तिटकारा यांत फरक आहे, आणि तो फरक ओळखणारा हा माणूस स्वतः धर्मनिष्ठ मुसलमान आहे.

आता गोष्टीचा पुढचा भाग. 1954 ते 1957 सलाही लंडनच्या स्लेड या नामांकित कलाशाळेत शिकले. तोवर सुदान स्वतंत्र झाला होता. घरी परतून त्यांनी खार्तूममध्ये प्रदर्शन भरवलं. व्यक्तिचित्रं, वस्तुचित्रं, नग्नचित्रं, सगळं लंडनमध्ये शिकल्याप्रमाणे. ते स्वतः सांगतात की पहिल्या दिवशी लोक आले ते थंड पेय प्यायला, नंतर कुणी फिरकलंच नाही. त्यांनी पुन्हा प्रदर्शन भरवलं, पुन्हा तेच.

इथे आपल्याकडचा शिकलेला माणूस काय म्हणाला असता? "लोक अडाणी आहेत, त्यांना कला कळत नाही." हे वाक्य मी स्टाफरूममध्ये शंभर वेळा ऐकलंय, दोनचारदा स्वतःही म्हटलंय. सलाहींनी मात्र चूक स्वतःकडे घेतली. चित्रं बाजूला ठेवली आणि देशभर हिंडले. लोकांच्या घरात काय टांगलेलं आहे, भांड्यांवर, चटयांवर, लाकडावर कुठली नक्षी आहे, ते बघत राहिले. घरोघरी दोन गोष्टी दिसल्या, नक्षी आणि अक्षर.

मग त्यांनी चित्राच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत, अरबी अक्षरं लिहायला सुरुवात केली. लोक जरा जवळ आले. अक्षरं चित्रभर पसरली, लोक आणखी जवळ आले. तिसरी पायरी सर्वांत धाडसाची होती. त्यांनी अक्षर मोडलं. त्याची वळणं सुटी केली, आणि त्या तुकड्यांतून माणसं, प्राणी, झाडं बाहेर आली. रंगही लंडनचे राहिले नाहीत, सुदानच्या मातीचे झाले. अहमद शिबरेन, कमला इब्राहिम इसहाक आणि इतर चित्रकार याच सुमारास आपापल्या वाटेनं शोध घेत होते. या सगळ्यांना मिळून पुढे 'खार्तूम स्कूल' हे नाव पडलं.

आपली मराठी काय म्हणते पाहा. आपण चित्र काढतो आणि अक्षरही काढतो. "पोर छान अक्षर काढतं" असंच म्हणतो. भाषेला जे ठाऊक आहे, ते आपण वर्गात विसरतो.

एक प्रामाणिक आक्षेप मात्र मान्य करायला हवा. अक्षर हाही साचा होऊ शकतो. अरबी वळण टाकलं की झालं इस्लामी चित्र, झाली आपली ओळख! खुद्द खार्तूममध्येच याविरुद्ध बंड झालं. 1976 साली कमला इसहाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'क्रिस्टलिस्ट' गटाचा जाहीरनामा काढला. परंपरेवरचा हा भर आणि त्यातली पुरुषी मक्तेदारी त्यांना मान्य नव्हती. कमलाबाईंनी बायका रंगवल्या, झारच्या विधीत अंगात येणाऱ्या बायका. हे भांडण मला चळवळीचा पराभव वाटत नाही. ज्या घरात भांडायला मुभा आहे, ते घर जिवंत असतं. आपल्या घरात आधी खडू हातात घेण्याचीच मारामार.

आणि ज्यांना वाटतं की चित्रकला हा रिकामपणचा उद्योग आहे, त्यांनी 1975 साल आठवावं. सलाही तेव्हा संस्कृती खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्या सप्टेंबरात निमेरी यांच्या लष्करी राजवटीविरुद्ध उठावाचा प्रयत्न झाला आणि त्यात सामील असल्याच्या आरोपावरून यांना उचललं. खटला नाही, सुनावणी नाही, सहा महिन्यांहून अधिक काळ खार्तूमच्या कोबर तुरुंगात. तिथे कागद-पेन्सिल बाळगायलाच बंदी, सापडलं तर अंधारकोठडी. तरी हा माणूस कागदाच्या चिटोऱ्यांवर रेघा ओढत राहिला आणि ते चिटोरे वाळूत पुरत राहिला. आपल्याकडे पूर्वी मुलं धुळाक्षरं गिरवायची, इथे एक प्रौढ, नावाजलेला कलावंत रेघा वाळूत लपवत होता. रेघ निरुपद्रवी असती, तर तिच्यावर पहारा कशाला बसवला असता?

त्या चिटोऱ्यांनी त्यांना एक पद्धत दिली. एका छोट्या तुकड्यावर बीज काढायचं, मग त्याला तुकडे जोडत चित्र वाढवत न्यायचं. पुढे देश सोडावा लागला. कतारमध्ये असताना त्यांनी 1984-85 साली 'द इनएव्हिटेबल', म्हणजे 'अटळ', हे नऊ तुकड्यांचं काळं-पांढरं चित्र केलं. त्यात उगारलेल्या मुठी आहेत. 1985 च्या एप्रिलमध्ये निमेरींची सत्ता गेली. 2013 साली लंडनच्या टेट मॉडर्नने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. ज्या शहरात शिकलेलं त्यांना विसरावं लागलं होतं, त्याच शहरानं.

सलाहींना हराज नावाचं झाड फार प्रिय. नाईलकाठची ही बाभळीच्या जातीतली झाडं पावसाळ्यात पानं टाकतात आणि बाकी सगळं करपलेलं असताना हिरवी होतात. सगळ्यांबरोबर नाही, आपल्या वेळेला. त्यांनी या झाडाची कितीतरी चित्रं काढली आहेत.

चाचा, तुम्ही पुन्हा शाळेत या. चहा घेऊ. तुमची नात त्याच वर्गात आहे. तिनं परवा वहीच्या शेवटच्या पानावर 'नून' काढलाय. त्याची होडी केलीय, आणि नुक्त्याच्या जागी एक माणूस बसवलाय. ते पान फाडायला मी तिला सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका.