त्यांच्या वाटेला न जाता

वर्गात मराठी शिकवताना 'वाट' या शब्दापाशी मी जरा जास्तच रेंगाळतो. वाट पाहणे, वाट चुकणे, वाट लावणे, वाट देणे आणि वाटेला जाणे. एका शब्दाची ही पाच भावंडे, पण स्वभाव पाच तऱ्हांचे. त्यांतले 'वाटेला जाणे' मोठे मौजेचे आहे. एखाद्याच्या वाटेला जाणे म्हणजे विनाकारण त्याची कुरापत काढणे. हा वाक्प्रचार कोणी आणि केव्हा घडवला ते भाषाशास्त्रज्ञ जाणोत; पण रानाच्या कडेला राहणाऱ्या कोणा शहाण्यालाच तो सुचला असावा, असे मला नेहमी वाटते. कारण वन्य प्राण्यांशी गाठ पडली तर काय करावे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आहे. उरलेले निम्मे 'वाट देणे' या शब्दांत सापडते.

आज हा विषय काढण्याचे कारण उघड आहे. दिवाळीचा फराळ डब्यात शिल्लक असतानाच हल्ली शहरांतल्या घराघरांतून प्रवासाच्या पिशव्या भरू लागतात. पूर्वी मुले सुटीत मामाच्या गावी जात. आता मामाच भाच्यांना घेऊन अभयारण्यात जातो. यात वाईट काही नाही. चिवड्याइतकीच रानाचीही गोडी मुलांना लागावी. फक्त चिवडा चुकून जास्त खाल्ला तर पोट दुखते एवढेच. रानातली चूक जरा महाग पडते.

पण रान म्हणजे दूर कुठेतरी, अशी समजूत असेल तर ती आधी काढून टाकू. आमचे रहिमतपूर हे काही जंगलातले गाव नव्हे. कमंडलू नदीच्या काठचे, ऊस आणि आल्याच्या शेतांत वसलेले. सह्याद्रीचे दाट रान येथून पश्चिमेला चांगले लांब आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तो तिकडे. सुमारे ११६५ चौरस किलोमीटरांचा तो मुलूख. २०२३च्या डिसेंबरात तेथील कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, आणि २०२५च्या नोव्हेंबरात ताडोब्याची एक वाघीण तेथे आणण्यात आली. पट्टेवाल्या वाघासाठी तिकडे जावे लागते हे खरे. ठिपकेवाल्या बिबट्याला मात्र एवढी मोठी जहागीर लागत नाही. त्याला ऊस पुरतो.

उसात त्याला काय कमी आहे? आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो. आत थंडावा, जवळ पाटाचे पाणी, रानडुकरांचा वावर आणि कडेच्या वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरे. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात याचा अभ्यास केला. तो तालुका तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. तिथे वाघाचे जंगल नाही. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात. अशा शेतीच्या मुलुखात त्यांना दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आणि जवळजवळ तितकेच तरस आढळले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा होता कुत्र्यांचा, चाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे माणसे दिवसा ज्या बांधावरून जात, त्याच बांधावरून रात्री बिबट्या जात होता, आणि दोघेही आपापल्या कामाला.

हे वाचून कोणी म्हणेल, मग पकडा आणि नेऊन सोडा लांब जंगलात. विचार सुचायला सोपा आहे आणि तो करूनही झाला आहे. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या रानांत सोडण्याचा धडाका लावला गेला. त्याआधीच्या वर्षांत तेथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. धरपकड सुरू झाल्यावर ही सरासरी सतरावर गेली. परक्या मुलुखात सोडलेला बिबट्या बावरतो, घराकडे परतू पाहतो, वाटेत अनोळखी वस्त्या लागतात; आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा येऊन बसतो. थोडक्यात, आपण त्याची वाट लावायला गेलो आणि आपलीच लागली.

तथापि बिबट्या म्हणजे गरीब बिचारे जनावर, असे चित्रही मला रंगवायचे नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसे गेली. त्यांतली दोन लहान मुले होती. ज्या घरातले मूल गेले त्या घराला आकडेवारी सांगून काय उपयोग? तिथे संतापाला जागा आहे, आणि माणसावर चटावलेल्या जनावराचा बंदोबस्त सरकारने करायलाच हवा. म्हणून तर पुढचे चार शब्द लिहायचे. सरकारने करायचे ते सरकार करील. आपल्या अंगणातले आपल्याला करता येते.

उसाच्या कडेने संध्याकाळनंतर मुलांना एकटे पाठवू नये. जायचेच तर दोघा-तिघांनी, हातात विजेरी आणि तोंडाने गप्पा. मोबाईलवर गाणी लावली तरी चालतील, माणूस येतो आहे हे आधीच कळले की बिबट्या बहुधा बाजूला होतो. मुले मोठ्यांच्या मध्ये चालावीत. अंधारात उघड्यावर वाकून बसू नये. वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. शेळ्या रात्री छपराच्या, कडीच्या गोठ्यात असाव्यात. घराभोवती उष्टे-खरकटे साचू देऊ नये. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागून तो येतो. आणि समोर आलाच तर पळू नये. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा मांजराच्या जातीचा स्वभाव आहे. मुलाला उचलून घ्यावे, ताठ उभे राहावे, हात वर करावेत, मोठ्याने ओरडावे आणि त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे.

आमच्याकडच्या एका वयस्क शेतकऱ्याला मी एकदा विचारले, बिबट्या बांधावर आडवा आला तेव्हा काय केलेत? ते म्हणाले, "काय करणार सर? त्यो बी तुमच्या-आमच्यावानी घराकडंच निघाला हुता. मी म्हनलं, जा बाबा तू म्होरं, मला काय घाई न्हाई." वाट देणे ते हेच. आणि येथे एक ध्यानात ठेवावे: वाट द्यायची तर ती मोकळी असावी लागते. चहूबाजूंनी घेरलेल्या जनावराला माणसाच्या अंगावरून जाण्यावाचून दुसरी वाट उरत नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडणी सुरू होते तेव्हा याचीच परीक्षा लागते. मादी पुष्कळदा उसातच विते. कोयता चालता चालता सरीत मांजराएवढी पिल्ले दिसतात. पोरेटोरे गोळा होतात, कोणी उचलतो, कोणी छायाचित्र काढतो. आई जवळपास कुठेतरी दडलेली असते आणि अंधार पडायची वाट पाहत असते. अशा वेळी पिल्ले न हाताळता काम थांबवावे आणि वनखात्याला कळवावे. जुन्नर भागात वनखात्याने असा प्रयोग वारंवार यशस्वी केला आहे: पिल्ले तपासून संध्याकाळी त्याच शेतात ठेवायची, माणसांनी दूर व्हायचे; रात्री मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. जिचे पिल्लू परत मिळाले ती शांत राहते. जिचे हरवले ती चवताळून वस्तीभोवती घिरट्या घालते. पिल्लू जागेवर ठेवण्यात भूतदया आहेच, पण शेजारच्या झोपडीत निजलेल्या तोडकऱ्यांच्या मुलांची सुरक्षितताही आहे.

शहरातल्या वाचकांना वाटेल, हे सारे खेडेगावचे. तर मग पुण्याचीच गोष्ट सांगतो. ९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत एक गवा शिरला. गवा माणसाला खात नाही. पण पूर्ण वाढलेला नर हजार किलोंपर्यंत भरतो. बातमी पसरली तशी गर्दी लोटली. आरडाओरडा, मोबाईल, मागे धावणे. बिथरलेले ते जनावर रस्त्यारस्त्यांतून सैरावैरा पळत सुटले, भिंतींवर आपटून घायाळ झाले आणि पकडल्यावर थोड्याच वेळात दगावले. दोनच आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, पाषाण-बावधन बाजूला दुसरा गवा दिसला. या खेपेस गर्दीला लांब ठेवले, रानाकडची बाजू मोकळी सोडली. तो आपल्या पायांनी परत गेला. जनावर तेच, शहर तेच, महिनाही तोच. फरक पडला तो माणसांच्या वागण्याने. त्या पहिल्या सकाळी गर्दीतल्या एकाही माणसाला जिवे मारायची इच्छा नव्हती. प्रत्येकाला नुसते बघायचे होते. नुसते बघण्यानेही जीव जातो, हे त्या दिवशी पुणेकरांनी पाहिले आणि पुढे पुष्कळ जण हळहळलेही.

महाबळेश्वरच्या वाटेवर किंवा राधानगरी-दाजीपुराकडे गवा आडवा आला तर म्हणूनच गाडी थांबवावी, कर्णा वाजवू नये, खाली उतरू नये. राधानगरी हे महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य, १९५८ सालचे, आणि ते गव्यांसाठीच प्रसिद्ध आहे. तिथे रस्ता आपला नसून गव्याचा आहे, आपण फक्त गाडीभाडे भरलेले आहे.

आता खऱ्या रानाकडे वळू. आमच्या जिल्ह्यात त्यासाठी वासोट्याइतकी चांगली जागा नाही. त्याचे दुसरे नाव व्याघ्रगड. यावरून काय ते समजावे. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून लाँचने जायचे, वनखात्याची परवानगी घ्यायची आणि संध्याकाळच्या आत परतायचे. गडावर मुक्कामाला परवानगी नाही. पुष्कळ तरुणांना हा नियम जाचक वाटतो. पण पहाट, संध्याकाळ आणि रात्र ही रानाची कामाची वेळ. पाहुण्याने कामाच्या वेळी स्वयंपाकघरात घोटाळू नये, हे आपल्या घरी सर्वांना पटते.

अशा रानात अस्वलाची गाठ टाळावी. त्याचे पोट वारुळातल्या वाळवीवर आणि रानफळांवर. खाण्यात ते इतके गुंग असते, आणि त्याची नजरही अशी अधू, की माणूस अगदी जवळ येईतो त्याला पत्ता लागत नाही. मग ते दचकते आणि अंगावर येते. म्हणून दाट झाडीतून जाताना बोलत जावे. कड्याला आग्या मोहोळ लटकलेले असेल तर याच्या उलट: गप्प राहावे, धूर करू नये, अत्तर लावून जाऊ नये, दगड मारणाऱ्या मुलाचा हात आधीच धरावा. माश्या उठल्याच तर तोंड झाकून लांब निघून जावे. पाहिलेत ना? एकीकडे बोलायचे, दुसरीकडे गप्प बसायचे. ज्याच्या घरी जायचे त्याची रीत आधी विचारून घ्यावी लागते.

राहता राहिला साप. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वाघ-बिबट्यांची सारी भीती एका पारड्यात टाकली तरी हे पारडे खालीच राहील. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी. मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होणारी लस या चारांवरही चालते. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्याला चावते आणि चावल्याचे कधीकधी कळतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. म्हणून खेड्यावर मुक्काम असेल तर खाटेवर निजावे, मच्छरदाणी खोचून घ्यावी, अंधारात विजेरीवाचून पाऊल टाकू नये. दंश झालाच तर कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला हातपाय लाकडाच्या पट्टीने स्थिर करावा, माणसाला चालवू नये, आणि १०८ क्रमांकाला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने थेट रुग्णालयात न्यावे. सापाला मारून सोबत नेण्याची गरज नाही.

व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिले आणि मारुती चितमपल्ली यांनी 'रानवाटा'. वनखात्यात आयुष्य घालवून चितमपल्ली २०२५च्या जूनमध्ये गेले. ही पुस्तके सुटीत मुलांच्या हाती पडली तर प्रवासाच्या निम्म्या तयारीचे काम होईल. ती वाचताना एक गोष्ट मुलांच्या सहज ध्यानात येते: रानात ज्यांनी पुष्कळ पाहिले, ते पुष्कळ वेळ एका जागी गप्प बसलेले होते.

तेव्हा यंदा पिशवीत दुर्बीण, विजेरी, पाणी आणि पुरणपोळीइतकाच धीरही बांधून घ्या. वनखात्याच्या मदतीचा क्रमांक १९२६ मोबाईलमध्ये नोंदवून ठेवा. वाघ दिसला नाही म्हणून मुले हिरमुसली तर त्यांना ओल्या मातीतला पंजाचा ठसा दाखवा आणि सांगा, आपण येथे आलो तेव्हा तो नुकताच गेला होता. आपण आलेले त्याला कळले, आणि त्याने आपल्याला वाट दिली.